पुढचा शब्द, मागचा शब्द



बँकेची नोटीस येते, विमा कंपनीचे पत्र येते, औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत दोन ओळी छापलेल्या असतात. यांतले बरेचसे इंग्रजीत असते. मग घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हाक मारली जाते : "जरा वाचून सांग रे, काय लिहिलंय ते." मूल वाचते. मोठे, अवघड शब्द अडले तर ते कोशात सापडतात. पण खरी अडचण होते ती अगदी लहान शब्दांपाशी. क्रियापदाच्या पुढे उभा असलेला 'मे', 'मस्ट', 'शुड' असा एक शब्द, आणि क्रियापदाच्या मागे आलेला 'टु', 'फॉर', 'इन्टू' असा एक शब्द. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या क्रियापदाचा अर्थ कोशातल्या अर्थाहून पार वेगळा होऊन बसतो. कोश सांगतो की 'लुक' म्हणजे पाहणे. पण पत्रात जेव्हा 'वी शॅल लुक इन्टू युअर कम्प्लेन्ट' असे असते, तेव्हा ते लोक तुमच्या तक्रारीत नुसते पाहणार नसतात; ते तिच्यात लक्ष घालू, चौकशी करू, असे कबूल करीत असतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. तेव्हा ही गोष्ट आता खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकाच्या आणि पालकाच्या दारातली झाली आहे. म्हणून आज आपण इंग्रजी क्रियापदाचा पुढचा शब्द आणि मागचा शब्द, यांची थोडी ओळख करून घेऊ या.

आधी पुढचा शब्द. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट असे हे नऊ शब्द आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'मोडल ऑक्झिलरी' म्हणतात. आपण त्यांना नुसते साहाय्यक शब्द म्हणू. काम होते आहे की झाले, एवढे सांगून हे शब्द थांबत नाहीत. काम करणे जमते काय, करण्याची मोकळीक आहे काय, करणे भाग आहे काय, की ते होण्याचा नुसता संभव आहे, हे ते सांगतात.

आपल्या मराठीला हे काम नवे नाही. फरक इतकाच की मराठी हे काम पुष्कळदा क्रियापदाच्या शेपटाकडून करून घेते. 'मुलांनी रोज वाचावे' यातल्या 'वाचावे'ला आपले व्याकरण विध्यर्थ म्हणते. इंग्रजीत तेथे 'शुड' येईल. 'आजीला आता चालवते' यातल्या 'चालवते'ला शक्य क्रियापद म्हणतात. इंग्रजीत तेथे 'कॅन' येईल. 'मला जावे लागते', 'मला जायला हवे', 'मी जाऊ शकतो' ही आणखी काही रूपे. यांत एक गंमत ध्यानात घ्या. मराठीत करणाराचे रूपही बदलते. कधी 'मी', कधी 'मला', तर कधी 'मुलांनी'. इंग्रजीत करणारा आहे तसाच राहतो. 'आय कॅन गो', 'आय शुड गो', 'आय मस्ट गो'. तिन्ही ठिकाणी 'आय' तोच आणि 'गो'ही तोच. बदलला फक्त मधला शब्द. म्हणजे अर्थाचा सारा भार त्या एका लहान शब्दावर आहे. तो ऐकताना निसटला की सगळेच निसटले.

आता या साहाय्यक शब्दांच्या चार सवयी पाहू.

पहिली सवय : हा शब्द कोणासाठीही रूप बदलीत नाही. 'ही गोज' असे आपण शिकवतो. त्या ओघात मुले 'ही कॅन्स' किंवा 'ही मस्ट गोज' असे म्हणतात. तसे होत नाही. 'ही कॅन गो', 'ही मस्ट गो'. याला कारण आहे. कॅन, मे, शॅल आणि मस्ट ही फार जुन्या काळी भूतकाळी रूपे होती आणि पुढे ती वर्तमानकाळी अर्थाने वापरात आली. भूतकाळी रूपाला तो 'स' लागत नसे, म्हणून आजही लागत नाही. 'कॅन'चा मूळ अर्थ 'ठाऊक असणे' असा होता आणि 'शॅल'चा 'देणे लागणे' असा. आपल्याकडे 'पाहिजे' या शब्दाचे असेच झाले आहे. तो मूळचा 'पाहणे' या क्रियापदाचाच. आज तो वापरताना पाहण्याची कोणाला आठवणही होत नाही. भाषा कोणतीही असो, ती जुनी भांडी मोडून नवी घडवीत असते.

दुसरी सवय : या शब्दानंतर येणारे क्रियापद उघडे असते. त्याला 'टु' नाही, 'स' नाही, 'इंग' नाही. 'कॅन टु गो' नाही, 'कॅन गोइंग' नाही. 'ऑट टु' आणि 'हॅव टु' यांना 'टु' लागतो, पण ते या नऊ जणांच्या पंगतीतले नव्हेत.

तिसरी सवय : एका गाडीला दोन गाडीवान नसतात. 'मी उद्या येऊ शकेन' हे इंग्रजीत सांगताना 'आय विल कॅन कम' असे होत नाही. तेथे 'कॅन' खाली उतरतो आणि त्याच्या जागी 'बी एबल टु' येतो : 'आय विल बी एबल टु कम'. वर्गात हमखास ऐकू येणारे 'आय कॅन एबल टु' हे याच गोंधळातून निघालेले आहे.

चौथी सवय जरा खोल आहे. एकच शब्द दोन कामे करतो. 'यू मस्ट गो होम' म्हणजे तू घरी गेलेच पाहिजेस. पण 'ही मस्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरीच असावा. पहिल्यात सक्ती आहे आणि दुसऱ्यात अंदाज आहे. मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको, कारण आपला विध्यर्थही हेच करतो. 'मुलाने वेळेवर घरी यावे' ही सक्ती किंवा अपेक्षा, आणि 'तो आत्ता घरी असावा' हा अंदाज. मग ओळखायचे कसे? पुष्कळदा पुढचे क्रियापदच सांगते. जाणे, करणे, भरणे अशी कृती असेल तर बहुधा सक्ती; असणे, ठाऊक असणे अशी स्थिती असेल तर बहुधा अंदाज. आणि 'मस्ट'नंतर 'हॅव' येऊन क्रियापदाचे तिसरे रूप आले, तर तो जवळजवळ नेहमीच मागच्या गोष्टीविषयीचा अंदाज असतो. 'द बस मस्ट हॅव गॉन' म्हणजे बस गेली असावी. पण 'शुड'चे तसे नाही. 'यू शुड हॅव टेकन अ रिसीट' म्हणजे तुम्ही पावती घ्यायला हवी होती. याचा बहुधा अर्थ असा, की ती तुम्ही घेतली नाहीत!

हा झाला पुढचा शब्द. आता मागचा.

मराठीत 'कडे', 'साठी', 'वर', 'मध्ये' ही शब्दयोगी अव्यये नामाला मागून चिकटतात. 'बैलाकडे', 'बैलासाठी'. इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात, एवढे आपण मुलांना सांगतो आणि ते खरेही आहे. पण तेवढ्याने भागत नाही. इंग्रजीत पुष्कळदा या लहान शब्दाचे लग्न नामाशी लागलेले नसते, क्रियापदाशी लागलेले असते. एकच 'लुक' घ्या आणि एकच बैल घ्या. 'लुक ॲट द बुलक' म्हणजे बैलाकडे बघ. 'लुक आफ्टर द बुलक' म्हणजे बैलाची निगा राख. 'लुक फॉर द बुलक' म्हणजे बैल हरवला आहे, तो शोध. क्रियापद तेच, बैलही तोच. पण एका ठिकाणी तो डोळ्यांसमोर आहे, एका ठिकाणी गोठ्यात आहे, आणि एका ठिकाणी कोणाच्या तरी शेतात शिरला आहे. म्हणून शिक्षकांनी 'लुक म्हणजे पाहणे' एवढेच फळ्यावर लिहून थांबू नये. 'लुक ॲट', 'लुक आफ्टर', 'लुक फॉर' ही जणू तीन निरनिराळी क्रियापदे आहेत असे समजून शिकवावीत.

'आस्क'चेही असेच. 'आस्क' म्हणजे विचारणे आणि 'आस्क फॉर' म्हणजे मागणे. 'यू मस्ट आस्क द क्लार्क' म्हणजे कारकुनाला विचारलेच पाहिजे. 'यू मस्ट आस्क फॉर अ रिसीट' म्हणजे पावती मागितलीच पाहिजे. 'अप्लाय'ला तर दोन शेपट्या लागतात. अर्ज ज्याच्याकडे करायचा त्याला 'टु', आणि ज्या गोष्टीसाठी करायचा तिला 'फॉर'. 'यू मे अप्लाय टु द बँक फॉर अ लोन.' तुम्ही बँकेकडे कर्जासाठी अर्ज करू शकता.

येथे मराठीच्या सवयीने दोन प्रकारची चूक होते. जेथे मराठीत शब्दयोगी नाही तेथे आपण इंग्रजी शब्द गाळतो. आपण 'रेडिओ ऐकतो', म्हणून मुले 'लिसन रेडिओ' म्हणतात. इंग्रजीत 'लिसन टु द रेडिओ' हवे. आपण 'वाट पाहतो', तेथे 'वेट फॉर' हवे. उलटपक्षी, जेथे मराठीत काही चिकटते तेथे आपण नसता शब्द घालतो. 'प्रश्नाविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'पुण्याला पोचणे' म्हणून 'रीच टु पुणे', 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरी विथ'. या तिन्ही क्रियापदांना मागे काहीच लागत नाही. 'वी शुड डिस्कस द क्वेश्चन.' 'द बस विल रीच पुणे ॲट सिक्स.' एवढे पुरे.

आणखी एक भेद सांगून ठेवतो. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. सभा पुढे ढकलायची असेल तर 'वी मे पुट ऑफ द मीटिंग' असे म्हणता येते. पण 'सभा' ऐवजी 'ती' म्हणायचे झाले, तर 'इट' हा शब्द मध्ये शिरतो : 'वी मे पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर'मध्ये मात्र तो मध्ये शिरत नाही, 'लुक आफ्टर इट' असेच राहते. एखादी जोडी कोणत्या जातीची आहे हे ठरवायचे असेल, तर तिच्यात 'इट' घालून दोनचारदा मोठ्याने म्हणून पाहावे आणि चांगल्या कोशातले उदाहरण ताडून घ्यावे. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने १९५४ साली इंग्रजी वाक्यांच्या ठेवणीवर एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. क्रियापद एकटे शिकवू नये, त्याच्या ठेवणीसकट शिकवावे, हाच त्याचा आग्रह होता. परक्या भाषेचा अभ्यास करणारांना तो आजही उपयोगी आहे.

आता पुढचा शब्द आणि मागचा शब्द एकत्र आणू. नियम सोपा आहे. पुढचा शब्द बदलला तरी मागचा बदलत नाही. 'लुक आफ्टर' हे 'कॅन लुक आफ्टर', 'शुड लुक आफ्टर', 'मस्ट लुक आफ्टर' असेच चालते. नकार करायचा तर 'नॉट' हा पुढच्या शब्दाला लागून येतो. प्रश्न करायचा तर पुढचा शब्द करणाराच्या आधी जातो, आणि मागचा शब्द बहुधा शेवटी एकटा राहतो : 'हू शुड आय अप्लाय टु?' मी कोणाकडे अर्ज करावा? शेवटी असा लोंबता शब्द येणे हे अशुद्ध आहे, असे काही शिक्षक सांगतात. इंग्रज कवी ड्रायडन याने १६७२ साली या प्रकाराला नाके मुरडली होती, तेव्हापासून हा समज चालत आला. पण इंग्रज लोक त्याच्या आधीही तसे बोलत होते आणि नंतरही बोलत राहिले. मुलाने तसे लिहिले तर लाल शाई वापरू नये.

कर्मणी वाक्यात तर हा लोंबता शब्द विसरूनच चालत नाही. 'धिस मस्ट बी लुक्ट इन्टू' म्हणजे यात लक्ष घातले गेले पाहिजे. आपली मुले तेथे 'मस्ट बी लुक्ट' लिहून थांबतात. कारण 'इन्टू' ज्याला चिकटायचा ते नाम मागे राहिले नाही असे त्यांना वाटते. पण तो शब्द नामाचा नव्हताच, क्रियापदाचा होता. क्रियापद जेथे जाईल तेथे तो जाणार.

हे सारे कशाला, असे कोणी म्हणेल. तर आता दोनतीन कागद हातात घेऊन पाहू.

बँकेच्या पत्रात 'द अमाउंट मस्ट बी पेड बाय द टेन्थ' असे आहे. 'मस्ट' म्हणजे भरलीच पाहिजे. 'बाय द टेन्थ' म्हणजे उशिरात उशिरा दहा तारखेपर्यंत; आठला भरली तरी चालते, अकराला चालत नाही. 'बाय' ऐवजी 'ऑन' असते, तर दहा तारखेलाच भरायची असा अर्थ झाला असता. त्याच पत्रात पुढे 'इट मे बी पेड इन थ्री इन्स्टॉलमेंट्स' असे असेल, तर तीन हप्त्यांत भरण्याची मोकळीक आहे. तेथे 'मे' च्या जागी 'मस्ट' असते, तर एकदम भरण्याची मोकळीकच उरली नसती.

औषधाच्या बाटलीवर 'मस्ट नॉट बी टेकन ऑन ॲन एम्प्टी स्टमक' असे आहे. रिकाम्या पोटी घेऊ नये, ही सक्त मनाई. दुसऱ्या बाटलीवर 'नीड नॉट बी टेकन विथ फूड' असेल, तर अन्नाबरोबर घेण्याची गरज नाही, घेतले तरी हरकत नाही. मराठीत 'घेऊ नये' आणि 'नाही घेतले तरी चालेल' यांत जेवढे अंतर आहे तेवढेच या दोहोंत आहे. वाचणारे मूल हे दोन्ही एकच समजले, तर त्याची किंमत आजारी माणसाला मोजावी लागते. म्हणून औषधाच्या बाबतीत शंका आली की डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानदाराला विचारावे हे उत्तम. पण शंका येण्यासाठी तरी शब्दाकडे लक्ष हवे.

आणि आता सर्वांत मोठा कागद : आपली राज्यघटना. ती २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या ४५व्या कलमात मुलांच्या शिक्षणाची गोष्ट होती. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असा तिचा आशय होता. पण इंग्रजी मजकुरात क्रियापद कोणते होते? राज्य 'शॅल प्रोव्हाइड' असे नव्हते. 'शॅल एन्डेव्हर टु प्रोव्हाइड' असे होते, आणि त्या 'प्रोव्हाइड'च्या मागे 'फॉर' होता. 'शॅल' म्हणजे राज्यावर बंधन; पण बंधन कशाचे, तर 'एन्डेव्हर'चे, म्हणजे प्रयत्न करण्याचे. आणि 'प्रोव्हाइड फॉर' म्हणजे तरतूद करणे. तरतूद करण्याचा प्रयत्न राज्य करील, इतकेच ते वाक्य बोलत होते. शिवाय ते कलम मार्गदर्शक तत्त्वांमध्ये होते, आणि ही तत्त्वे न्यायालयातून अमलात आणून घेता येत नाहीत असे घटनेतच म्हटले आहे. दहा वर्षे १९६० साली संपली. सर्व मुले काही शाळेत पोचली नव्हती.

पुढे २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि मूलभूत हक्कांमध्ये '२१-अ' हे नवे कलम आले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांविषयी राज्य 'शॅल प्रोव्हाइड' असे शब्द आहेत. मधला 'एन्डेव्हर' गेला आणि मागचा 'फॉर'ही गेला. आता प्रयत्न नव्हे, तरतूदही नव्हे, शिक्षण द्यायचे. त्याच वाक्यात पुढे एक 'मे'ही आहे. हे शिक्षण कोणत्या रीतीने द्यायचे, ते राज्याने कायद्याने ठरवावे, त्याला तेवढी मोकळीक आहे. द्यायचे की नाही यात 'शॅल' आणि कसे द्यायचे यात 'मे', असा तो मेळ आहे. त्याप्रमाणे २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा वर्षांखालच्या बालकांविषयीच्या आजच्या ४५व्या कलमात मात्र 'एन्डेव्हर' अजून जागच्या जागी आहे.

हा बदल नुसत्या व्याकरणाने घडला असे मी म्हणत नाही. त्यामागे पुष्कळांचे श्रम होते, न्यायालयाचे निर्णय होते, आणि कलम घटनेच्या कोणत्या भागात आहे यालाही फार महत्त्व होते. 'शॅल' म्हणजे सक्ती आणि 'मे' म्हणजे मोकळीक हा सर्वसाधारण अर्थ झाला. एखाद्या कायद्यातला 'मे' संदर्भ पाहून न्यायालये सक्तीचा मानतात असेही घडते. पण जे मिळवायचे होते ते शेवटी एका क्रियापदाच्या पुढच्या आणि मागच्या शब्दांत उतरवावे लागले, एवढे मात्र खरे. आज खेड्यातली मुलगी फी न भरता सरकारी शाळेच्या बाकावर बसते, ती 'शॅल प्रोव्हाइड' या दोन शब्दांच्या आधाराने बसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. एका ढिगात नऊ साहाय्यक शब्द, दुसऱ्यात लुक, आस्क, वेट, पुट, अप्लाय अशी पाचसहा क्रियापदे, तिसऱ्यात लहान मागचे शब्द. तीन मुलांना एकेक पट्टी देऊन उभे करा आणि बाकीच्यांना त्याचे मराठी करायला सांगा. मग फक्त पहिल्या मुलाला बदला. नंतर फक्त तिसऱ्याला बदला. दर वेळी मराठी वाक्य कसे फिरते ते मुलांनाच सांगू द्या. काही जोड्या जुळणार नाहीत. त्या का जुळत नाहीत हा तर उत्तम धडा होईल. आणि आठवड्यातून एकदा मुलांना घरातला एखादा इंग्रजी कागद, एखादे वेष्टण, बाटलीवरची चिठ्ठी आणायला सांगा. तिच्यात क्रियापद शोधायचे, त्याच्या पुढे कोण उभे आहे ते पाहायचे, मागे कोण आहे ते पाहायचे, आणि मगच अर्थ सांगायचा.

एवढी सवय लागली तर घरी आलेला कागद वाचून दाखवताना ते मूल घाई करणार नाही. 'भरलेच पाहिजेत' आणि 'भरले तरी चालतील' यांतला फरक ते वडिलांना नीट सांगेल. इंग्रजी शिकल्याचा याहून रोकडा उपयोग दुसरा कोणता?